काम घेऊन फिरणाऱ्या पुतणीस

परभणी

चि. मृणाल,


पुण्यातली खोली सोडून वर्षभर गावोगाव राहत काम करणार, असं वहिनींकडून कळलं. त्यांना काळजी वाटते. मला मात्र आनंद झाला. जरूर जा. फक्त गावांची यादी कमी कर. दिवसाचे आठ-नऊ तास कंपनीचे. दर पंधरवड्याला गाव बदललंस तर उरलेला वेळ सामानाच्या बांधाबांधीत जाईल. एका ठिकाणी निदान दोन महिने काढ.

आणि सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून कर. दिवाळी आणि लग्नकार्यं सोडली तर तू तो पाहिलेलाच नाहीस. जिंतूरला खोली घे. तिथून नेमगिरीची जैन लेणी जवळ, येलदरीचं धरण जवळ, चारठाण्याची हेमाडपंती मंदिरं आणि दगडी बारव जवळ. पुढे गंगाखेडला गोदाकाठी राहा. जनाबाईंचं ते गाव. उन्हाळ्यात येऊ नकोस, पारा चाळिशी सहज ओलांडतो. मार्गशीर्ष-पौषात ये. तेव्हा शेतात हुरडा असतो. ‘परभणी मोती’ हा ज्वारीचा वाण ज्या कृषी विद्यापीठाने दिला, ते १९७२ पासून आपल्या शहरात आहे, तेही एकदा बघ.

तुझं काम अमेरिकेचं. थंडीत न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे सकाळ तुझी. ती झोपण्यात घालवू नकोस, पण रात्री उशिरापर्यंत काम करून पहाटेची एसटीही धरू नकोस. आठवड्याचे दोन-तीन दिवस फिरण्याचे ठरवून घे. प्रवासाच्या दिवशी मीटिंग ठेवू नकोस. गाडीत रेंज मध्येच जाते.

खोली बघताना इंटरनेटचा वेग सगळेच विचारतात. तू लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो आणि राऊटर त्यावर जोडलाय का, ते विचार. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं जवळ ठेव.

आता मनातलं सांगतो. काम घेऊन फिरणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठकडची ऊसतोड कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि गाळप संपल्यावर परततात. महिनोन्महिने कोपीत राहतात, पण तिथल्या गावात त्यांना नावानं ओळखणारं क्वचितच कुणी असतं. लेकरांच्या शाळा बुडतात. त्यांचं फिरणं पोटासाठी आहे, तुझं हौसेचं. तुझ्याकडे पगार आहे, मनात येईल तेव्हा निघता येतं. म्हणून गावाशी ओळख करून घेण्याची जबाबदारी तुझी. किराणा, भाजी गावातच घे. डबा लावशील त्या बाईंचं नाव, घर माहीत असू दे. आणि मालक मागेल ते भाडं मुकाट्याने देऊ नकोस. बाहेरून आलेल्यांनी दर चढवले की तिथल्या शिक्षिकेला, नर्सला खोली परवडेनाशी होते. गावचा दर विचार आणि तोच दे.

जिंतूरला खोली मी बघून ठेवतो. मार्गशीर्ष लागला की ये आणि संक्रांत इथंच कर.

तुझा,
काका