स्वाक्षरीचे मोल



डिसेंबर २०२५ मध्ये विख्यात फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी भारतात आले. १३ तारखेला हैदराबाद येथे त्यांच्यासमवेत छायाचित्र काढून घेण्याचे मोल सुमारे दहा लाख रुपये असल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. त्याच दिवशी कोलकात्याच्या क्रीडांगणावर हजारो रुपयांची तिकिटे घेऊन आलेल्या प्रेक्षकांना मान्यवरांच्या गराड्यामुळे त्यांचे धड दर्शनही घडले नाही. पाहुणे लवकरच निघून गेले. संतप्त लोकांनी बाटल्या भिरकावल्या, खुर्च्या उखडल्या. आयोजकास अटक झाली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी मेस्सी यांना आपली दहा क्रमांकाची जर्सी भेट दिली. ती मात्र विनामूल्य होती!

चेन्नईतील अंबत्तूरची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे आणा. तेथे यंत्रावर उभ्या असणाऱ्या कामगाराची दहा लाख रुपये ही कित्येक वर्षांची मिळकत होय. त्याच्या घराच्या भिंतीवरही त्याच खेळाडूचे चित्र असू शकते. मग प्रश्न असा की, आपली स्वाक्षरी, आपले सान्निध्य विकणे नीतीला धरून आहे काय? आणि ते विकत घेणे?

घाईने निवाडा करू नये. खेळाडूची कारकीर्द अल्प असते. तिशी-पस्तिशीत गुडघे सांगू लागतात की पुरे. त्याने फुकट दिलेली स्वाक्षरी दुसराच कोणी बाजारात विकतो, कधी तर खोटी स्वाक्षरी खरी म्हणून खपवतो. अशा वेळी त्याने स्वतः टेबलापाशी बसून, ठरावीक रक्कम घेऊन सही दिली, तर घेणाऱ्याला निदान ती अस्सल असल्याची खात्री मिळते. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे आपण मानतोच.

शिवाय स्वाक्षरीसाठी पैसे घेणारे सारेच लोभी नसतात. महात्मा गांधी स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत. देणाऱ्याच्या हाती एक कागद येई आणि त्याबरोबर अस्पृश्यतेच्या पापाविषयीची थोडी जबाबदारीही येई. तेव्हा पैसा मध्ये आला म्हणजे व्यवहार भ्रष्ट झाला, असे म्हणता येत नाही. तो पैसा कशाचे स्थान घेतो, हे पाहिले पाहिजे.

भाषांतराच्या कामात एका जुन्या प्रथेकडे माझे वारंवार लक्ष जाते. प्रेषित पौल आपली पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेत असे; परंतु करिंथ, कलस्सै, थेस्सलनीका येथील मंडळ्यांना अखेरचा सलाम त्याने स्वहस्ते लिहिला. पत्र खरोखर त्याचेच आहे याची ती खूण होती. स्वतःचे अक्षर म्हणजे स्वतःची ग्वाही. या मजकुरामागे मी उभा आहे, आणि तो तुमच्यासाठी आहे, असे ते अक्षर सांगे. तासाला शेकडो सह्या करणारा हात अशी कोणती ग्वाही देतो? समोरच्याचे नावही त्याला ठाऊक नसते. तेथे विकली जाते ती भेटीची खूण. भेट झालेलीच नसते. कोलकात्याचा क्षोभ मला समर्थनीय वाटत नाही. पण त्याचे मूळ येथे आहे. जे विकता येत नाही ते विकत मिळेल, असा लोकांचा समज करून दिला गेला होता.

आता खेळाडूवर पैसा खर्च करण्याची दुसरी रीत पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या स्वागताला १५१ बैलगाड्या निघाल्या. या लोकांनी पैसा दिला तो कीर्तीच्या आधी. कीर्तीचा तुकडा घरी नेण्यासाठी नव्हे. दुःखाची गोष्ट अशी की, १९८४ साली ते अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. प्रसिद्धीच्या झोतात उभ्या असलेल्या खेळाडूसाठी थैल्या सोडणारा समाज, झोत सरला की पाठ फिरवतो.

अंबत्तूरच्या परिसरातील मेल अयनंबाक्कम येथील वेलम्मळ विद्यालयाचा विद्यार्थी डी. गुकेश याची कथाही बोधप्रद आहे. २०१३ साली चेन्नईत विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. सात वर्षांचा गुकेश तो पाहण्यास गेला होता. खेळाडू काचेच्या दालनात होते. आपणही एके दिवशी त्या काचेच्या आत असावे, असे त्याला वाटले, हे त्याने पुढे सांगितले. त्याच सामन्यात पराभूत झालेल्या आनंद यांचे मार्गदर्शन त्याला लाभले आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी, अठराव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. थोरांच्या दर्शनाचे खरे फळ हे होय. पाहणाऱ्याने काही हस्तगत केले नाही, तर जे पाहिले त्याने पाहणाऱ्याला हाक दिली.

म्हणून, वाचकहो, आपल्या मुलाने आवडत्या खेळाडूच्या स्वाक्षरीचा हट्ट धरला, तर त्याला रागावू नका. परवडत असेल तर जरूर घेऊन द्या, परंतु दोन गोष्टी त्याच्याशी बोला. त्या खेळाडूच्या ठायी नेमके काय आवडले, हे त्याला विचारा. नुसती कीर्ती, की तिच्यामागची पहाटेची मेहनत? आणि त्याला आपल्याच गल्लीतील ते मूल दाखवा, ज्याच्याकडे धावण्यासाठी बूट नाहीत. त्या बुटांसाठी दिलेल्या पैशाची पावती म्हणून कोणाचीही स्वाक्षरी मिळणार नाही. तरी ते बूट घालून ते मूल धावेल, आणि खेळावरील आपल्या प्रेमाची तीच अधिक खरी साक्ष ठरेल.