वूलवर्थ इमारत : भव्यता आणि पावित्र्य

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची वूलवर्थ इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. ७९२ फूट उंचीची ही इमारत १९३० पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिच्यावरून वाद झाला तो मात्र उंचीपेक्षा रूपाचा. दुकानदारीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या कचेऱ्यांच्या इमारतीला मध्ययुगीन चर्चचे गॉथिक रूप दिलेले आहे. त्यातून धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो : उपासनेसाठी घडलेले रूप उपासनेवाचून उभे केले, तर ते पाहून मनात जे दाटून येते त्याला भक्तिभाव म्हणता येईल काय?

फ्रँक वूलवर्थ हा न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पाच सेंटांना मिळणाऱ्या किरकोळ वस्तूंचे दुकान त्याने १८७९ मध्ये युटिका गावात काढले. ते चालले नाही; त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये काढलेले चालले. १९१२ मध्ये विलीनीकरण होऊन त्याची कंपनी जवळपास सहाशे दुकानांची झाली. इमारतीला सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर लागले. ही रक्कम त्याने कर्ज न काढता रोख दिली, ही गोष्ट तेव्हा फार गाजली.

शहराच्या आकाशरेषेतला बदल त्याआधीच सुरू झाला होता. ट्रिनिटी चर्चचा १८४६ चा २८१ फुटी मनोरा न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षे साऱ्यांच्या वर दिसे. १८९० मध्ये त्याला मागे टाकले ते एका दैनिकाच्या इमारतीने. १९०९ मध्ये एका विमा कंपनीचा मनोरा ७०० फुटांवर गेला. वूलवर्थला त्याच्याही वर जायचे होते, आणि आपली इमारत लंडनच्या पार्लमेंटमधल्या व्हिक्टोरिया टॉवरसारखी दिसावी अशी त्याची इच्छा होती. वास्तुरचनाकार कॅस गिल्बर्टने ती पुरी केली.

पाया शंभर फुटांहून खोल, थेट खडकापर्यंत नेलेला आहे. त्यावर पोलादी सांगाडा आहे आणि सांगाड्यावर टेराकोटाचे आवरण. जमिनीपासून शिखरापर्यंत धावणाऱ्या उभ्या रेषा, टोकदार कमानी, नक्षी हे सारे त्या आवरणात आहे. भार पोलाद पेलते. मध्ययुगीन चर्चमध्ये टोकदार कमान आणि बाहेरचे तिरपे आधार दगडी छताचे वजन खरोखरच वाहत असत. अलंकरण हे बांधणीच्या गरजेतूनच फुलावे, असा आग्रह इंग्रज वास्तुकार प्यूजिनने १८४१ मध्ये धरला होता, आणि गॉथिकमध्ये त्याला ख्रिस्ती श्रद्धेचीच बांधणी दिसत असे. त्याच्या कसोटीवर वूलवर्थ इमारत टिकत नाही. पण ती कसोटी तोवर सैल झालीच होती. मुंबईत फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात उभारलेले रेल्वे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गॉथिकच आहे. त्याच्या घुमटावर प्रगतीचा पुतळा आहे. चर्चच्या बाहेर पडून गॉथिक रेल्वेच्या सेवेला कधीच लागले होते.

सुरुवातीच्या प्रश्नाची खरी गाठ इमारतीच्या प्रवेशदालनात पडते. त्याचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. वर कमानदार छत, त्यावर सोनेरी, निळ्या, हिरव्या काचतुकड्यांचे जडावकाम, भिंतींना संगमरवर. चर्चमध्ये जिथे संतांची चित्रे असावीत, तिथे ‘श्रम’ आणि ‘व्यापार’ यांच्या रूपकात्मक आकृती आहेत. कमानींच्या टोकांशी लहान गमतीदार मूर्ती बसवल्या आहेत. एकीत वूलवर्थ नाणी मोजतो आहे, एकीत गिल्बर्ट इमारतीची प्रतिकृती हातात धरून आहे, तर स्थापत्य अभियंता गुनवाल्ड आउस तुळई मोजतो आहे.

मध्ययुगीन चर्चमध्येही दाते दिसतात. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या खिडक्यांमध्ये पाववाले, चामडेवाले, सराफ आपापल्या धंद्यांसह रंगवलेले आहेत. व्यापाराचा पैसा कॅथेड्रललाही परका नव्हता. त्यामुळे ‘तिकडे श्रद्धा, इकडे पैसा’ अशी सरळ वाटणी करणे अन्यायाचे होईल. फरक आहे तो वेगळ्या जागी. शार्त्रच्या खिडकीतला पाववाला खाली असतो आणि त्याच्या वर संतकथा असते. त्याच्या हातातली भाकर कुणाला तरी अर्पण केलेली असते. वूलवर्थच्या हातातली नाणी कुणालाच अर्पण केलेली नाहीत. तो ती मोजतो आहे, एवढेच.

रूपाने मन वर जाते, हा विचार गॉथिकच्या जन्माइतकाच जुना आहे. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट डेनिसचे चर्च नव्याने बांधणाऱ्या मठाधिपती स्यूजेची धारणा होती की रत्ने आणि रंगीत काचेतला उजेड मनाला जडापासून अ-जडाकडे नेतात. १७९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने ही दिशा उलटवली : उदात्तता वस्तूत नसते, ती पाहणाऱ्याच्या मनात असते. हे मान्य केले तर ७९२ फुटांसमोर दबून जाणे हा आपल्याच बुद्धीचा अनुभव ठरतो आणि देवाचा प्रश्नच उरत नाही. जर्मन धर्मचिंतक रूडोल्फ ओटोने १९१७ मध्ये ‘पवित्र’ या अनुभवाचे विश्लेषण करताना अधिक सूक्ष्म भेद केला. पाश्चात्त्य कलांमध्ये गॉथिक पवित्राच्या सर्वांत जवळ जाते असे त्याला वाटे. पण कलेतले उदात्त पवित्राला अप्रत्यक्षपणेच व्यक्त करते. त्याहून थेट साधने म्हणजे अंधार आणि निःशब्दता. वूलवर्थ इमारतीत या दोहोंना जागा नव्हती. २४ एप्रिल १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बटन दाबले आणि इमारतीतले हजारो दिवे एकदम उजळले. ओटोच्या भेदाने पाहिले तर ही भव्यता खरी आहे, दडपणही खरे आहे. पण त्याच्या पलीकडे नेणारे काही तिथे नाही.

पाद्री सॅम्युएल पार्क्स कॅडमन यांनी इमारतीला ‘व्यापाराचे कॅथेड्रल’ म्हटले, आणि इमारतीविषयीच्या १९१६ च्या पुस्तिकेने ते नाव रूढ केले. धर्मोपदेशकानेच ही पदवी द्यावी, ही खेदाची गोष्ट आहे. गिल्बर्टला ती रुचली नव्हती. आपण उत्तर युरोपातल्या नगरगृहांचे, म्हणजे ऐहिक गॉथिकचे, अनुकरण केले असे त्याचे म्हणणे होते. ते अधिक प्रामाणिक वाटते. पुढे १९२१ च्या एका टिपणात जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने भांडवलशाही हाच एक धर्म आहे असे मांडले. या धर्माला सिद्धान्त नाही, केवळ विधी आहेत आणि त्या विधींना खंड नाही. कॅडमन यांनी कौतुकाने म्हटलेले बेन्यामिनने इशारा म्हणून म्हटले.

वूलवर्थ १९१९ मध्ये वारला. त्याच्या कंपनीने १९९७ मध्ये अमेरिकेतली स्वस्त दुकाने बंद केली आणि १९९८ मध्ये इमारत विकली. वरचे तीस मजले २०१२ मध्ये घरांसाठी विकले गेले. उपासना थांबली की उपासनास्थान ओस पडते, मग ते कितीही नीट राखलेले असो. वूलवर्थची दुकाने गेली, तरी या इमारतीतले काहीच गेल्यासारखे वाटले नाही. वरच्या मजल्यांवर कचेऱ्यांच्या जागी घरे आली, एवढाच फरक पडला. कॅडमन यांच्या पदवीविरुद्ध याहून ठोस पुरावा सापडणे कठीण.