अभ्यास : तप की हट्ट?

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरातले सगळे झोपले आहेत. टेबलावर पुस्तक उघडे आहे, एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचला जातो आहे आणि डोक्यात काहीही शिरत नाही. तरी दिवा मालवायला मन तयार नाही. दिवा मालवला तर ‘आजचा दिवस वाया गेला’ हे मान्य करावे लागेल. दिवा चालू आहे तोवर निदान अभ्यास चालू आहे असे वाटते.

तुम्ही सीएची परीक्षा देत असाल किंवा तुमच्या घरात कुणी देत असेल, तर हे दृश्य तुम्हाला सांगायला नको. आपण या जागरणाला कौतुकाने तपश्चर्या म्हणतो. पण साधकाने इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. हे खरोखर तप आहे, की केवळ हट्ट?

आधी ही परीक्षा कशी आहे ते पाहू. फाउंडेशनचे चार पेपर, इंटरमीजिएटचे सहा आणि फायनलचे सहा. इंटर आणि फायनलला तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण हवेत आणि पूर्ण ग्रुपची बेरीज ५० टक्के व्हायला हवी. म्हणजे तिन्ही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवून भागत नाही. आणि दोन पेपरांत सत्तर मिळाले, पण तिसऱ्यात अडतीस, तरी ग्रुप राहतो. साठ किंवा अधिक गुण मिळालेल्या विषयात पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूट मिळते, एवढाच दिलासा. आपल्या बलस्थानाच्या आड उणीव लपवायला ही परीक्षा जागाच ठेवत नाही. अलीकडच्या अनेक निकालांत फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी पाचांत एकाहूनही कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले आहेत. म्हणजे नापास होणाऱ्यांत हुशार आणि कष्टाळू मुलेही पुष्कळ असतात.

पूर्वी ही परीक्षा वर्षातून दोनदा होत असे. २०२५पासून ती जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. एक संधी हुकली तर चार महिन्यांत दुसरी येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यात एक धोकाही आहे. निकाल लागेपर्यंत त्या चार महिन्यांतला बराच काळ सरलेला असतो. नापास झालेला विद्यार्थी डोळे पुसतो, लगेच पुढचा फॉर्म भरतो आणि मागच्याच पद्धतीने पुन्हा धावू लागतो. आपण का पडलो, हे पाहायला तो थांबतच नाही.

या परीक्षेचे आणि अध्यात्माचे एक नाते आहे, ते अनेकांना माहीत नसते. सीएंच्या संस्थेची स्थापना १९४९ साली झाली. तिच्या बोधचिन्हावरचे वचन कठोपनिषदातले आहे आणि ते श्रीअरविंदांनी दिले. त्याचा आशय असा, की सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. विद्यार्थी गमतीने म्हणतात, ‘पाहा, आमच्या संस्थेनेच रात्री जागायला सांगितले आहे!’ पण उपनिषदात हे वर्णन पुरुषाचे, आपल्या आतल्या चैतन्याचे आहे. इंद्रिये निद्रित असतानाही आत जे साक्षीरूपाने जागे राहते, त्याची ही खूण आहे. डोळे ताणून टेबलाशी बसलेला माणूस आतून गाढ झोपलेला असू शकतो. आणि वेळेवर झोपी गेलेला माणूस आपल्या दिवसाबद्दल पूर्ण जागा असू शकतो.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान अर्जुनाला स्पष्ट सांगतात, की फार खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण या सगळ्यांत प्रमाण हवे. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार येतात. त्यांतले जे मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन केले जाते, त्याला भगवान तामस म्हणतात. कष्ट दोघेही करतात, सात्त्विक तप करणाराही आणि तामस तप करणाराही. म्हणून केवळ कष्ट किती झाले यावरून ते तप आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

मग प्रमाण कसे ठरवायचे? आपण महाराष्ट्रात असा वा इंदूर, बडोदा, बंगळूरुला, वारी तुमच्या मनात असतेच. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोहोचते. पण पहिल्या दिवशी उत्साह आहे म्हणून कुणी दोन मुक्कामांची वाट एका दिवसात चालत नाही. पुण्यात पालखी विसावते, मग दिवे घाटाची अवघड चढण येते आणि घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा मुक्काम असतो. विसावा हा वारीचाच भाग आहे. वाटेत थांबल्याबद्दल कुठलाही वारकरी स्वतःला दोष देत नाही.

अभ्यासातही विसावा असाच कामाचा असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले आपण सुरुवातीला फार वेगाने विसरतो आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्या आजीला ठाऊक होतेच.

आता एक छोटा हिशेब करून पाहा. तुमची आर्टिकलशिप चालू आहे. ऑफिस आणि प्रवास यांतून आठवड्याचे सहा दिवस रोज दीड तास आणि रविवारी पाच तास खरोखर मिळतात, असे धरू. आठवड्याचे झाले चौदा तास, सव्वीस आठवड्यांचे तीनशे चौसष्ट. ही रक्कम लहान नाही. पण भिंतीवरचे वेळापत्रक रोज सहा तासांचे असेल, तर हेच दीड तास तुम्हाला रोज साडेचार तासांची चोरी वाटतील. मग अपराधी भावनेने मन खचते आणि ते दीड तासही हातचे जातात.

तुम्ही ज्या कामाची तयारी करता आहात, त्याचा गाभा काय आहे ते आठवा. लेखापरीक्षक सही करतो तेव्हा तो सांगत असतो, की हे ताळेबंद कंपनीच्या स्थितीचे खरे आणि वाजवी चित्र दाखवतात. त्याच्या सहीवर विसंबून अनोळखी माणसे आपली पुंजी गुंतवतात. दुसऱ्याच्या हिशेबाबद्दल उद्या अशी ग्वाही देणाऱ्याने आज स्वतःचे वेळापत्रक फुगवून लिहावे का? बारा तास बसलो आणि अभ्यास चार तासांचा झाला, तर वहीत चार लिहा. पुढे ‘मी आळशी’ अशी टीप जोडू नका, आणि चाराचे बाराही करू नका. ही सत्याची साधना आहे.

आणि अनेक प्रयत्नांनंतर थांबावे की पुन्हा बसावे, हा सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहिला तर? खर्चलेखनात तुम्ही ‘संक कॉस्ट’ शिकला आहात. जो खर्च होऊन गेला आणि परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. पेपरात हे बिनचूक लिहिणारा विद्यार्थी आयुष्यात म्हणतो, ‘पाच वर्षे घातली, आता कसा सोडू?’ गेलेल्या वर्षांना बाजूला ठेवून स्वतःला दोन गोष्टी विचारा. झेपेल अशा, खऱ्या गतीने मी एक तरी प्रयत्न पूर्ण केला आहे का? आणि हे काम मला आवडते म्हणून मी बसतो आहे, की नातेवाईक काय म्हणतील या भीतीने? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल आणि कामाची ओढ खरी असेल, तर जरूर पुन्हा बसा. उत्तर वेगळे आले तर थांबण्यातही कमीपणा नाही. शिकलेले हिशेबाचे ज्ञान कुठल्याही प्रामाणिक कामात उपयोगी पडते. या गतीने चाललात तर यश नक्की मिळेल, असे वचन कुणालाच देता येणार नाही. पण निकाल कसाही लागला, तरी स्वतःशी खोटे बोलल्याची खंत उरणार नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलाच्या खोलीतला दिवा किती वाजेपर्यंत चालू होता, यावरून त्याची निष्ठा मोजू नका. ‘आज काय समजले?’ असे विचारा, आणि ‘काही नाही’ हे उत्तर रागावल्याशिवाय ऐकून घ्या. घरात खरे सांगता आले, तर मुलाला स्वतःशीही खरे बोलता येते.

आज रात्री पुस्तक मिटताना दोन मिनिटे शांत बसा. वहीत तीन ओळी लिहा : आज खरोखर किती तास झाले, काय समजले, काय राहिले. जे झाले ते भगवंताच्या चरणी ठेवा, राहिले त्याची नोंद उद्याच्या पानावर करा. मग दिवा मालवा आणि निःशंक झोपा. आत जो जागा आहे, तो जागाच राहील.