विसांतील आठ

'मी आपला सर्वसाधारण माणूस' हे वाक्य आपण कधी नम्रतेने उच्चारतो, तर कधी खिन्नतेने. परंतु सर्वसाधारण असणे हा दोष आहे काय? गोल्फ या खेळातील गुणमोजणी या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते.

गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितका खेळ सरस. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक संख्या ठरलेली असते. तिला 'पार' म्हणतात. अठरा होलांच्या मैदानाचा पार बहुधा ७२ च्या आसपास असतो. 'पार' हा मूळ लॅटिन शब्द; त्याचा अर्थ 'समान'. त्यामुळे पार म्हणजे सरासरी, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ही अपेक्षा निष्णात खेळाडूकडून असते. बहुसंख्य हौशी खेळाडूंना ती कधीच गाठता येत नाही. १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये 'बोगी' हा चांगल्या खेळाचा मापदंड होता. पुढे त्याच शब्दाचा अर्थ 'पारहून एक फटका अधिक', म्हणजेच उणेपणा, असा झाला. मापदंड बदलला की कालचे चांगले आज उणे ठरते.

आपल्या घरांतही असेच घडते. पहिल्या आलेल्या मुलाचे गुण आपण सर्वांचा 'पार' ठरवतो आणि उरलेल्यांना उणे लेखतो.

गोल्फने यावर 'हँडिकॅप' हा उपाय योजिला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक पद्धतीत, मैदानाची काठिण्यपातळी लक्षात घेऊन, खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांतील सर्वोत्तम आठांची सरासरी धरतात. उरलेल्या बाराही प्रामाणिकपणे नोंदवाव्या लागतात. परंतु त्यांवरून त्याची योग्यता ठरत नाही. या हिशेबाने मिळणाऱ्या सवलतीमुळे नवखाही निष्णाताशी सामना खेळू शकतो. 'समान' हा अर्थ खरा होतो तो येथे.

मात्र या सवलतीत एक मोह दडलेला आहे. ती वाढावी म्हणून काहीजण मुद्दाम वाईट खेळ नोंदवतात. गोल्फमध्ये ही लबाडी समजली जाते. 'मी पडलो सामान्य' असे म्हणून आपण जबाबदारीतून अंग काढून घेतो, तेव्हा याहून वेगळे काय करतो?

सरासरी ही अनेकांची मिळून असते. ती कोणा एकाची ओळख नव्हे. मुलाची गुणपत्रिका हाती येईल तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वी एवढेच पाहावे, की याच्या विसांतील चांगल्या आठ फेऱ्या कोणत्या? आणि हाच प्रश्न रात्री निजण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारावा.