गर्दीचें पाप कोणाचें?

मनुष्याच्या हातून जे अपराध घडतात त्यांचा हिशेब ठेवण्याची एक जुनी रीत आहे. अमक्यानें अमक्याचें अमुक नुकसान केलें असें ज्याविषयीं सांगतां येतें, त्याला आपण अपराध म्हणतों. करणारा कोण, सोसणारा कोण आणि केलें काय, या तिन्ही गोष्टी जुळल्यावांचून न्यायाधीश शिक्षा सांगत नाहीं आणि आपलें मनहि सहसा टोचणी लावून घेत नाहीं. परंतु कांहीं अपकार असे असतात कीं, झालेलें नुकसान डोळ्यांपुढें असतें, ज्याचें झालें तो समोर असतो, मात्र करणाऱ्याची जागा रिकामी राहते. अनेकांनीं मिळून तें केलेलें असतें आणि कोणाचा वाटा किती, हें कोणालाच कळण्याजोगें नसतें. अशा अपकाराबद्दल कोणी कोणास जबाबदार धरावें? २०२० ते २०२२ या काळांतील महासाथीनें हा प्रश्न आपल्या दारांत आणून ठेवला होता. साथ ओसरली, पण प्रश्न तसाच राहिला आहे. पोहरादेवीच्या एका प्रसंगाच्या आधारें तो येथें तपासून पाहण्याचा विचार आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें गांव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि आणि जगदंबेचें मंदिर यांमुळें बंजारा समाज या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रांतूनच नव्हे, तर तेलंगण, आंध्र व कर्नाटक या प्रांतांतूनहि तांडेच्या तांडे येथें लोटतात. ज्याचें निम्में वर्ष ऊंसतोडीच्या फडावर किंवा परमुलखांतील बांधकामावर जातें, अशा माणसाला या यात्रेंत देवाच्या दर्शनाबरोबर स्वजनांचेंहि दर्शन घडतें. २०२० सालची रामनवमी २ एप्रिलला, टाळेबंदीच्या नवव्या दिवशीं आली. यात्रा भरली नाहीं. २०२१ सालीं २१ एप्रिललाहि ती भरली नाहीं. ज्यांच्यापाशीं सोसण्याखेरीज दुसरें फारसें कांहीं नाहीं, अशा लोकांनीं हेंहि सोसलें.

या दोन न भरलेल्या यात्रांच्या मध्यें पोहरादेवीनें एक भरगच्च दिवस मात्र पाहिला. २१ फेब्रुवारी २०२१ रोजीं तेव्हांचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं राज्याला उद्देशून भाषण केलें. विदर्भांत रोग्यांची संख्या पुन्हां चढूं लागली होती. अमरावतींत दुसऱ्याच दिवशीं आठवड्याची टाळेबंदी सुरू व्हावयाची होती. राजकीय, सामाजिक व धार्मिक मेळाव्यांस त्यांनीं बंदी केली आणि ‘मी जबाबदार’ या नांवाची मोहीम पुकारली. या भाषणास दोन दिवस होतात न होतात तोंच, २३ तारखेस, त्यांच्याच मंत्रिमंडळांतील त्या वेळचे वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीस दर्शनास आले आणि त्या निमित्तानें हजारों लोक जमले. कित्येकांच्या तोंडावर मुखपट्टी नव्हती आणि अंतर राखण्याजोगी जागाच उरली नव्हती. पोलिसांनीं हजारों लोकांवर गुन्हा नोंदविला. पुढील दोनतीन दिवसांत गांवांतील कांहीं जणांस लागण झाल्याचें तपासणींत आढळलें. त्या भेटीमागील राजकारणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. ‘मी जबाबदार’ या शब्दांतील ‘मी’ त्या दिवशीं कोठें होता, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

वृत्तपत्रें वाचणाऱ्या आमच्यासारख्यांनीं लगोलग निकाल दिला कीं, ही लागण त्या गर्दीनें केली. निकाल घाईचा होता. या रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा चारपांच दिवस, क्वचित् दोन आठवडेहि जातात. तेव्हां दोन दिवसांत ज्यांच्या ठायीं रोग आढळला, त्यांना तो त्या गर्दींत लागला असण्यापेक्षां आधींच लागलेला असण्याचा संभव अधिक. त्यांच्यापैकीं कोणी गर्दींत मिसळले असतील तर त्यांच्यापासून तो कोणास लागला, ती माणसें कोणत्या तांड्यावर परतलीं आणि तेथें कोणाची म्हातारी आई अंथरुणास खिळली, हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं. सुरा मारणाऱ्याचा हात साक्षीदाराला दिसतो, पण श्वास सोडणाऱ्याचा श्वास कोणाला दिसत नाहीं. नीतीच्या दृष्टीनें या रोगाचें वैशिष्ट्य असेल तर तें हेंच.

अशा काळांत बंदी कशावर असावी, याविषयींचा वाद त्यापूर्वीं कित्येक महिने राज्यांत गाजत होता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मंदिर उघडावें म्हणून पंढरपुरास आंदोलन झालें. ऑक्टोबरांत तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनीं मुख्यमंत्र्यांस पत्र लिहिलें आणि मद्यगृहें, उपाहारगृहें व समुद्रकिनारे खुले झाले असतां देव तेवढे टाळेबंदींत असावेत, या विसंगतीवर बोट ठेवलें. त्या पत्राचा सूर कोणाला रुचो न रुचो, सामान्य माणसाची एक व्यथा त्यांत होती हें नाकारतां येणार नाहीं. सरकार जें आधीं उघडतें तें त्याच्या लेखीं मोठें, आणि जें मागून उघडतें तें हलकें, असा अर्थ लोक लावतातच.

परंतु रोगाला वस्तूची योग्यता कळत नाहीं. माणसें किती, एकमेकांच्या किती जवळ, किती वेळ, आणि डोक्यावर छप्पर आहे कीं आकाश, एवढेंच त्याला कळतें. समुद्रकिनाऱ्याचेंच उदाहरण घ्या. जो मुंबईचा किनारा फिरावयास खुला होता, तोच त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत छठपूजेच्या मेळाव्यास महानगरपालिकेनें बंद ठेवला. वाळू तीच होती आणि वाराहि तोच. फरक होता तो गर्दीचा. त्याच महिन्याच्या १६ तारखेस, दिवाळीच्या पाडव्याला, मुखपट्टी व अंतर यांच्या अटीवर मंदिरें उघडलीं, तेव्हां कांहीं देवाची योग्यता वाढली नव्हती. म्हणून मंदिर मोठें कीं मद्यगृह मोठें, हा प्रश्नच मुळीं चुकीचा होता. मात्र तो तसा विचारला गेला याचा सगळा दोष विचारणाऱ्यांचा नव्हे. बंदिस्त मद्यगृह आधीं आणि देवळाचें मोकळें आवार मागून, या क्रमाचें समर्थन रोगाच्या कसोटीवर करणें कठीण होतें. कारण न सांगतां केलेल्या नियमाचें कारण लोक आपल्या मनानें शोधतात, आणि बहुधा तें वाईट असतें.

मुखपट्टीचा नियम याहूनहि अधिक विचार करावयास लावणारा आहे. प्रारंभीं तिच्या उपयोगाविषयीं जाणत्यांतहि एकमत नव्हतें. जागतिक आरोग्य संघटनेनें सर्वसाधारण लोकांनीं ती वापरावी असा सल्ला जून २०२० मध्यें दिला. साधी कापडी पट्टी बांधणाऱ्याचें रक्षण थोडें करते. त्याच्या तोंडांतून उडणारे तुषार अडवून समोरच्याचें रक्षण ती अधिक करते. ही छत्रीच अशी कीं, आपण धरावी आणि शेजाऱ्यानें कोरडें राहावें. आपलें कोरडें राहणें शेजाऱ्याच्या हातीं. त्यांतून हा रोग असा कीं, माणूस स्वतःला धडधाकट समजत असतांनाच तो दुसऱ्यास देऊं शकतो. ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ हें उत्तर म्हणून येथें पुरत नाहीं.

यावर दोन आक्षेप त्या काळीं वारंवार ऐकूं येत. पहिला असा: माझा जीव माझा आहे आणि देवावर माझा भरंवसा आहे, मी धोका पत्करला तर तुमचें काय गेलें? या आक्षेपांत धैर्याचा आव आहे. म्हणून खऱ्या धैर्याचें उदाहरण त्याच्याशेजारीं ठेवून पाहावें. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यांतच त्या वर्षीं १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. धोका त्यांनींहि पत्करला. पण त्यांनीं पणाला लावला तो स्वतःचा देह, आणि लावला तो दुसऱ्याचा जीव वांचावा म्हणून. उघड्या तोंडानें गर्दींत शिरणारा मनुष्य पणाला लावतो तें दुसऱ्याचें. त्याचा हक्क तुला कोणी दिला, हा द्रौपदीनें कौरवसभेंत विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर त्या सभेंतील वडीलधाऱ्यांनाहि देतां आलें नव्हतें.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. हजारों लोकांच्या गर्दींत माझ्या एकट्याच्या असण्यानें किंवा नसण्यानें काय होणार? हिशेब केला तर हें खोटें म्हणतां येत नाहीं. एकाचा वाटा खरोखरच नगण्य असतो. या ठिकाणीं आम्हांस श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीची आठवण होते. राजाच्या आज्ञेवरून गांवानें घरचें सगळें दूध महादेवाच्या गाभाऱ्यांत ओतलें, मुलें व वासरें उपाशी राहिलीं, तरी गाभारा भरला नाहीं. मग एका म्हातारीनें घरच्या लेकरांना पाजून उरलेलें खुलभर दूध आणलें आणि गाभारा भरला. या कहाणींत दोन शहाणपणें आहेत. एक असें कीं, लहान वाटा हा वाटा नव्हे, असें समजूं नये. दुसरें राज्यकर्त्यांसाठीं आहे. जी आज्ञा घरांतल्या लेकराचा घांस काढून घेते ती कितीहि पवित्र हेतूनें काढलेली असली तरी गाभारा भरूं शकत नाहीं. घरीं बसून ज्यांचा पगार चालू होता त्यांना घरांत राहणें सोपें होतें. ज्याच्या दहा हातांच्या खोलींत सहा माणसें राहतात आणि मजुरीला गेल्यावांचून ज्याची चूल पेटत नाहीं, त्याला अंतर राखण्याचा उपदेश करणारानें आधीं त्याच्या चुलीचा विचार केला पाहिजे.

हें सर्व लिहीत असतांना एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पोहरादेवीची गर्दी पाहून आम्हीं त्या लोकांना अडाणी म्हटलें होतें. त्याच महिन्यांत आमच्या एका आप्ताच्या घरीं साक्षगंधाचा समारंभ झाला. पन्नास माणसांची मर्यादा होती; जमलीं होतीं सुमारें दुप्पट. पदवीधर, वकील, प्राध्यापक अशीच बहुतेक मंडळी होती. मुखपट्ट्या सर्वांजवळ होत्या, पण हनुवटीवर. छायाचित्राच्या वेळीं त्याहि काढून खिशांत गेल्या. आम्ही पहिल्या रांगेंत होतों. कोणी हटकलें नाहीं, पोलीस आले नाहींत, वृत्तपत्रांत चित्रें छापलीं गेलीं नाहींत. तीन आठवड्यांच्या आंत त्या घरची वृद्ध माउली गेली. रोग त्या समारंभांतून आला कीं दूधवाल्याकडून कीं आणखी कोठून, हें कळण्यास मार्ग नाहीं. सांत्वनाला जमलेल्या प्रत्येकानें हेंच म्हटलें, आणि प्रत्येकास त्यांत थोडा विसांवा मिळाला. आम्हांसहि मिळाला. तो विसांवा किती लबाड होता हें पुढें कळलें.

कारण ज्या अपराधाचा कर्ता मागून शोधून काढतां येत नाहीं, तेथें पश्चात्तापाला नेमकी जागाच उरत नाहीं. चोरी केलेला मनुष्य चोरलेलें परत करूं शकतो. शिवी देणारा पायां पडूं शकतो. येथें काय परत करावयाचें आणि कोणाच्या पायां पडावयाचें? म्हणून अशा प्रसंगीं नीति कृत्याच्या आधींच पाळावी लागते, मागाहून ती पाळतां येत नाहीं. आपला वाटा कळणार नाहीं म्हणून तो शून्य धरावयाचा, हा सोपा मार्ग. आपला वाटा कळणार नाहीं म्हणूनच तो पूर्ण धरून वागावयाचें, हा खरा मार्ग. ‘मी जबाबदार’ या शब्दांचा दुसरा कोणताहि अर्थ आम्हांस दिसत नाहीं.

मात्र सर्वांचा वाटा अज्ञात असला तरी सर्वांचा सारखा नसतो. गर्दींत आलेला आणि ज्याच्यासाठीं गर्दी जमते तो, यांत मोठें अंतर आहे. ज्याच्या शब्दानें माणसें जमतात त्याच्या शब्दानें तीं थांबूंहि शकतात. म्हणून पुढाऱ्याच्या, महंताच्या किंवा घरांतील वडील माणसाच्या मौनाचाहि हिशेब होतो. हजारों लोकांवर गुन्हा नोंदवणें म्हणजे एका अर्थीं कोणावरच न नोंदवणें होय. ज्या साथरोग कायद्याचा आधार राज्यानें मार्च २०२० मध्यें घेतला, तो १८९७ सालचा. त्या वर्षीं पुण्यास प्लेगच्या नियमांची अंमलबजावणी सत्तेच्या जोरावर झाली, आणि तिच्याविषयींच्या संतापांतून २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. नियम कदाचित् रोगाच्या दृष्टीनें योग्य असेल, पण करणारे व पाळणारे यांच्यांत विश्वास नव्हता. आज नियम करणारे आपलेच आहेत. पण नियम करणारानें स्वतःला किंवा आपल्या माणसांना त्यांतून वगळलें कीं तो विश्वास एका दिवसांत जातो, आणि ज्यांनीं दोन यात्रा मुकाट्यानें सोडल्या त्यांना आपली फसवणूक झाली असें वाटतें. तें वाटणें अन्यायाचें नव्हे.

२ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याला, राज्यांतील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. आठच दिवसांनीं रामनवमी होती. पोहरादेवीची वाट पुन्हां मोकळी झाली. तें योग्यच झालें. जमणें हा माणसाचा धर्म आहे आणि बंदी हा आपद्धर्म होता. आमच्या आप्ताच्या घरीं त्या साक्षगंधाचें छायाचित्र अजून भिंतीवर आहे. सर्वांचीं तोंडें उघडीं आहेत, सर्व हसत आहेत, आणि मधोमध त्या माउली बसल्या आहेत. त्यांत आमचा वाटा होता असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. तो नव्हता असें म्हणण्याचा अधिकार मात्र आमच्यापाशीं नाहीं.