एडीची बोटं

गुन्हेगारीपटातला गुन्हेगार बहुतेक वेळा दरारा घेऊनच पडद्यावर येतो. पीटर येट्सच्या 1973 सालच्या 'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉयल'मधला एडी येतो तो थकलेला. वय पन्नाशीचं. घरी बायको आणि तीन मुलं. बॉस्टनच्या टोळ्यांना पिस्तुलं पुरवणं हा त्याचा धंदा. चोरीच्या मालाचा ट्रक चालवताना तो न्यू हॅम्पशरमध्ये पकडला गेलाय आणि आता शिक्षेची वाट बघतोय. आपण आत गेलो तर बायकामुलांना सरकारी मदतीवर दिवस काढावे लागतील, ही लाज त्याला खाते. पुढचं सगळं या लाजेतून घडतं.

सुरुवातीलाच तो कॅफेटेरियात एका तरुण शस्त्रविक्रेत्यासमोर बसून आपली बोटं दाखवतो. पूर्वी एडीनं पुरवलेल्या बंदुकीचा माग लागला आणि एक माणूस तुरुंगात गेला. शिक्षा म्हणून एडीला ड्रॉवरमध्ये हात ठेवायला लावला आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला. हे सांगताना एडी साकारणाऱ्या रॉबर्ट मिचमचा आवाज जराही चढत नाही. हात मोडणाऱ्यांवर एडीचा रागही नाही. धंद्यात असं व्हायचंच, हे त्यानं मान्य केलंय. मला ती मोडलेली बोटं बघवत नाहीत, आणि ही शांत कबुली तर त्याहून ऐकवत नाही.

मूळ कादंबरीकार जॉर्ज हिगिन्स सरकारी वकील होता. या माणसांची बोली त्याला ठाऊक होती. म्हणूनच इथे गोळीबारापेक्षा बोलणं जास्त आहे आणि प्रत्येक बोलण्यामागे सौदा आहे. शिक्षा टळावी म्हणून एडी त्या तरुणाला पकडून देतो, पण पोलिसांना आणखी नावं हवी असतात. त्याच्याकडून पिस्तुलं घेऊन बँक लुटणाऱ्यांची नावं द्यायला तो तयार होतो, तोवर ते पकडलेही गेलेले असतात. खबर दिलेली असते त्याच्या बारवाल्या मित्रानं, डिलननं. आळ मात्र एडीवर येतो आणि त्याला संपवायची सुपारी डिलनच घेतो.

त्या रात्री डिलन त्याला आइस हॉकीच्या सामन्याला नेतो, बिअर पाजतो. झिंगलेला एडी तरुण बॉबी ऑरचा खेळ बघून हरखतो, त्याच्या पुढच्या आयुष्याचं कौतुक करतो. स्वतःच्या हातात काही तास उरलेत हे त्याला माहीत नाही.

आदल्याच वर्षी 'गॉडफादर' आला होता. त्याच्या वैभवापुढे हा चित्रपट फारसा चालला नाही. पण मिचमचं याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही.