सह्या शेवटी

मागच्या रांगेतल्यांनी पुढे येऊन बसा. खुर्च्या रिकाम्याच आहेत. मागच्या रविवारी एक्स-रे तंत्रज्ञांच्या या वर्गाच्या हजेरीपटावर ४२ सह्या होत्या. चहानंतर मी डोकी मोजली, १७ भरली. उरलेल्या २५ जणांचं शिक्षण वडापावाबरोबरच पूर्ण झालं असावं. एकाने तर जाता जाता विचारलं, "मॅडम, सर्टिफिकेट व्हॉट्सअॅपवर येईल ना?" येईल हं बाळा. फ्रेम करून ठेव.

कारणं सगळी ऐकली मी. हार्बरला मेगाब्लॉक होता. असतो रविवारी, मान्य. पण पळालेल्यांतले निम्मे पनवेलमध्येच राहतात. वडाळे तलावापासून या हॉलपर्यंत यायला कुठली लोकल लागते ते मला एकदा दाखवा. आठवड्याची एकच सुट्टी, तेही मान्य. बारा-बारा तास ड्यूटी, नोकरी कंत्राटी, आणि रात्री दोनला एक्स्प्रेसवेवरची अपघाताची केस आली की खोलीत तुम्ही एकटे. हे मला ठाऊक नाही असं समजू नका. त्याबद्दल सेंटरच्या मालकांना काय ऐकवायचं ते त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ऐकवलंय आणि परत ऐकवीन. आज पाळी तुमची आहे.

गेल्या महिन्यात मला खोकला झाला. तीन आठवडे हटेना, म्हणून छातीचा एक्स-रे काढायला एका सेंटरमध्ये गेले. सेंटरचं नाव विचारू नका. आणि तो मुलगा आज इथे बसलाय का, तेही मी बघणार नाही. मान खाली घालायची गरज नाही कुणी.

मी स्टँडला छाती टेकवून, हनुवटी वर करून उभी राहिले. बघते तर माझ्या दोन्ही बाजूंनी भिंतीवर उजेड सांडलेला. वर छतापाशी उजेड, खाली माझ्या चपलांपर्यंत उजेड. किरणांचं शटर सताड उघडं. अरे, छाती काढायचीय की आख्खी म्हातारी? "श्वास घ्या, रोखा," आणि झालं. मग मी बाहेर येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. स्क्रीनवर माझी हनुवटी होती, दंड होते, बेंबीपर्यंतचं पोट होतं. त्याने माउस धरला आणि चारी बाजूंनी कापून टाकलं. उरला तो फोटो अगदी पुस्तकातल्यासारखा. डॉक्टर खूष. पण माझ्या पोटातून आरपार गेलेली किरणं कुठल्या माउसने कापलीस रे? किरणांचं कापणं बटण दाबायच्या आधी असतं. नंतर कापतात त्याला पुरावा नष्ट करणं म्हणतात.

पुढचं ऐका. त्या फोटोच्या खाली कोपऱ्यात बारीक आकडा होता: डीआय ३.२. मी विचारलं, "हा काय आकडा?" तो म्हणाला, "तो मशीनचा असतो मॅडम. येतोच."

येतोच! सकाळी पेपर येतो तसा येतो, वाचायचा कुणी?

ज्यांना हे उत्तर बरोबर वाटलं त्यांनी वही उघडा. डीआय शून्य म्हणजे जेवढं एक्सपोजर त्या फोटोसाठी ठरवलेलं आहे तेवढंच पोचलं. अधिक १ म्हणजे सुमारे पाव पट जास्त. अधिक ३ म्हणजे दुप्पट. उणे ३ म्हणजे निम्मं. म्हणजे माझ्या त्या एका फोटोला दुपटीहून जास्त मात्रा लागली, आणि फोटो सुरेख आला. सुरेख आला हीच तर गोम आहे.

मी शिकले ती लाल दिव्याच्या डार्करूममध्ये. डेव्हलपर, पाणी, हायपो, मग हँगरवर टांगलेल्या ओल्या फिल्मा. एमएएस जास्त दिला की फिल्म कोळशासारखी काळी यायची. डॉक्टर ती दिव्यासमोर धरायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. फिल्म चहाडखोर होती. तुमची चूक ती सगळ्या ओपीडीला सांगायची. हे नवं डिजिटल मात्र फार सोशिक. कमी दिलंत तर फोटो रवाळ येतो, मग डॉक्टर ओरडतात. दुप्पट दिलंत तर आतला कॉम्प्युटर सगळं सावरून घेतो, कुणीच ओरडत नाही. मग हाताला काय सवय लागणार? थोडं जास्तच देऊ, रिपीट नको. आज थोडं, सहा महिन्यांनी आणखी थोडं. चहाडी करणारं आता काय उरलंय तर कोपऱ्यातला तो आकडा. आणि तो तुम्ही मशीनच्या नावावर लिहून मोकळे झालात.

तुमचं मशीन दोनदा बदललं. फिल्म जाऊन सीआर आलं, सीआर जाऊन डीआर. तुमचं ज्ञान मात्र डिप्लोमाच्या शेवटच्या पेपराला थांबलंय. कंपनीचा माणूस येतो, दुपारभर बटणं दाखवतो, समोसा खाऊन जातो. बटण कुठे आहे हे कळलं म्हणजे मशीन कळलं का?

आता मनात म्हणत असाल, मॅडमना काय, सगळं येतं. नाही येत. सांगते कसं ते.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार. लहान मुलाच्या कंबरेच्या एक्स-रेला तिने लेडचं झाकण ठेवलं नाही, म्हणून मी तिच्या हातावर पट्टी मारली होती. जननेंद्रियं झाकायची, हा त्या वेळचा वेदमंत्र. आम्हाला तसंच शिकवलं, मी तसंच शिकवलं. आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की हे नेमाने झाकणं आता बंद करा. का? मात्रा पूर्वीच्या मानाने इतकी उतरली आहे की झाकून फायदा जवळजवळ शून्य. उलट झाकण सरकतं, बघायचं हाडच लपतं, मग परत एक्सपोजर. आणि ऑटोमॅटिक एक्सपोजर चालू असेल, झाकण त्याच्या चेंबरवर आलं असेल, तर मशीनला वाटतं अजून पुरेसं पोचलं नाही. मग ते मात्रा वाढवतं. वाचवायला गेलो आणि वाढवून आलो.

तो कागद मी तीनदा वाचला. पहिल्यांदा रागच आला, आयुष्यभर जे शिकवलं ते हे लोक खोटं ठरवतात म्हणजे काय! तिसऱ्यांदा वाचल्यावर त्या मुलीला फोन केला. ती आता पुण्याला शिकवते. म्हटलं, "अगं, ती पट्टी मी परत घेते." ती हसली. म्हणाली, "मॅडम, मी माझ्या मुलांना हे वर्षभरापूर्वीच सांगितलंय." बघा, पट्टी खाल्लेली मुलगी पुढे गेली आणि पट्टी मारणारी मागे राहिली. मला त्याची लाज वाटली नाही, पण रात्री झोपही लागली नाही. तुम्हाला लागते. कशी लागते तेवढं एकदा सांगा.

आणि उद्या एखाद्या बाळाची आई "झाकत का नाही?" म्हणून विचारील, तेव्हा "आता नाही झाकत" एवढंच बोलून दार लावून घेऊ नका. का नाही, ते तिच्या भाषेत तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आणि तुमच्या संस्थेत अजून झाकायचाच नियम असेल तर तो मोडायला मी सांगत नाही. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरपुढे कागद ठेवा आणि विचारा. विचारण्याने नोकरी जात नाही. जात असेल तर मला फोन करा.

एमआरआयवाले हात वर करा. सहा. ठीक.

मागच्या वेळी सेफ्टीच्या तासाला तुम्हीच मोबाइल काढून बसला होता. "आम्हाला माहितीये मॅडम, लोखंड आत न्यायचं नाही." माहितीये? खारघर इथून किती लांब आहे? आपल्याच महापालिकेत येतं. तिथल्या अॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने तो ओढला, आणि एक वॉर्डबॉय आणि एक टेक्निशियन मशीन आणि सिलिंडरच्या मध्ये अडकले. सुमारे चार तास. तातडीची व्यवस्था वेळेला चालली नाही. टेक्निशियन म्हणजे तुमच्यासारखाच एक. चार तास म्हणजे काय ते कळायला कुणीतरी चार मिनिटं त्या दारात नुसतं उभं राहून बघा.

त्यानंतर सगळे शहाणे झाले असतील म्हणाल, तर जानेवारी २०१८. मुंबईचं नायर रुग्णालय. पेशंटचा नातेवाईक सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवाला मुकला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं गेलं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. बंद! दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं आणि ते रात्री, रविवारी, दिवाळीतही चालूच असतं. स्कॅन थांबतो, खडखड थांबते, चुंबक थांबत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या वॉर्डबॉयला, तुमच्या मावशींना, कालच लागलेल्या आयाबाईंना कुणी सांगितलंय? दाराशी तुम्ही उभे असता. शेवटचं शिकलेलं माणूस तिथे तुम्ही. तातडीचं बटण तुमच्या खोलीत कुठे आहे ते डोळे मिटून दाखवता येईल? आणि ते दाबलं की हीलियम कुठल्या नळीतून बाहेर जातो? सहांपैकी चौघं छताकडे बघतायत. छतात नाही उत्तर.

मागच्या रविवारी सगळ्यात जास्त हसलात ते पाठदुखी आणि झोपेच्या तासाला. डॉक्टरबाई वाकायचं कसं ते दाखवत होत्या आणि तुम्ही कोपरखळ्या मारत होता. हसणाऱ्यांत तिघांच्या शर्टाखाली कंबरेचा पट्टा होता, मला दिसला. नव्वद किलोचा पेशंट एकट्याने टेबलावर ओढायचा, स्लाइड शीट कपाटात घडी घालून ठेवायची आणि मग चाळिशीत मणका दाखवायला आपल्याच एमआरआयमध्ये निजायचं.

आणि तो किरणं मोजणारा बिल्ला. टीएलडी. माझ्या एक्स-रेच्या दिवशी त्या मुलाचा बिल्ला ड्रॉवरमध्ये होता, पंच मशीन आणि पेनांच्या सोबत. तुम्हाला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ड्रॉवरला किती? दर तीन महिन्यांनी ड्रॉवरची तब्येत ठणठणीत असल्याचा रिपोर्ट येतो आणि तुम्ही खूष होता. दुसरे त्याहून शहाणे. बिल्ला अॅप्रनला लावायचा, अॅप्रन एक्स-रे रूममध्येच टांगायचा आणि घरी जायचं. मग जास्त मात्रेची चौकशी आली की घाम फुटतो. टांगणारे निदान टांगतात तरी, काही जण अॅप्रन घडी घालून त्याच्यावर बसतात. आतलं लेड तडकतं रे. बाहेरून कापड नवं कोरं, आत भेगा. जर्मनीत हँबर्गला एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये एक दगड उभारला, किरणांनी गेलेल्या १६९ जणांच्या नावांचा. त्यांच्याजवळ बिल्ला नव्हता. तुमच्याजवळ आहे.

चहाच्या वेळी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच. एआय आलं, आता आपलं काय? खरंय, आलंय. छातीच्या फोटोत क्षयाचा संशय ओळखणारं सॉफ्टवेअर मुंबईतच तयार होतं. १५ आणि त्यावरच्या वयाच्यांच्या क्षयाच्या चाचणीत फोटो वाचायला डॉक्टरच्या जागी असं सॉफ्टवेअर चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. क्षयाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशीनं गावोगाव गेली. उद्या ते मशीन घेऊन माथेरानच्या पायथ्याला, धोदाणीच्या ठाकूरवाडीत कुणाला जावं लागेल? सॉफ्टवेअरला चढ चढता येत नाही. तिथे म्हाताऱ्याला सरळ उभं करणं, खांदे पुढे घ्यायला लावणं, खोकला थांबेपर्यंत थांबणं आणि पुरा श्वास भरल्यावरच बटण दाबणं हे तुमचंच काम. पेशंट वाकडा उभा केलात तर सॉफ्टवेअर वाकड्यावरच अंदाज बांधणार. सताड शटर उघडणाऱ्याला एआयची भीती वाटलीच पाहिजे, मला त्याबद्दल काही सहानुभूती नाही.

महाराष्ट्रात डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, तेव्हा नोंदणी पुढे चालते. २०२१ मध्ये संसदेने आपल्यासारख्यांसाठीही राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आपल्याला आरोग्य व्यावसायिकांत धरलं. इतकी वर्षं "एक्स-रेवाला" म्हणतात म्हणून कुरकुर करत होता ना? आता म्हणणार नाहीत. पण मग एक्स-रेवाल्यासारखं वागायचंही बंद करा.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या मशीनवरच्या शेवटच्या २० छातीच्या फोटोंचे डीआय आकडे वहीत लिहून आणायचे. पेशंटचं नाव नको, नुसते आकडे, आणि प्रत्येकापुढे शटर किती उघडलं होतं ते. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही. एमआरआयवाल्यांनी आपल्या दाराचा नकाशा काढून आणायचा, बटणासकट. बिल्ला छातीवर दिसला पाहिजे, अॅप्रन घातला असेल तर आत.

आणि हो, वडापाव बारा वाजता. सह्या साडेबाराला. हजेरीपट माझ्या पर्समध्ये आहे.